सुकाणू निकामी झालं तर बोट कशी वळवायची?

स्पेन-पोर्तुगालच्या किनाऱ्यावर 2020 पासून एक विचित्र प्रकार सुरू आहे. जिब्राल्टरच्या सामुद्रधुनीपासून वर गॅलिसियापर्यंतच्या पट्ट्यातले ओर्का, म्हणजे किलर व्हेल, शिडाच्या बोटींमागे लागतात आणि नेमकं सुकाणूच धरतात. डोक्याने ढुशा देतात, पातं चावतात, कधी त्याचे तुकडे करतात. हे ते का करतात यावर शास्त्रज्ञांचं अजून एकमत नाही. तो त्यांचा खेळ असावा, असं बऱ्याच अभ्यासकांना वाटतं. तिथले हे ओर्का जेमतेम काही डझन उरलेत, त्यामुळे त्यांना इजा करून सुटका करून घ्यायचा प्रश्नच येत नाही. शेकडो बोटींशी त्यांची गाठ पडली, त्यातल्या मोजक्या बुडाल्याही. पण बहुतेक ठिकाणी चित्र असं होतं: बोट तरंगतेय, डोलकाठी उभी आहे, शिडं धड आहेत, इंजिनसुद्धा चालतंय, आणि चाक कितीही फिरवलं तरी नाळ, म्हणजे बोटीचं पुढचं टोक, तिच्या मर्जीने वळतेय.

सुकाणू जायला ओर्काच लागतो असं मुळीच नाही. पात्याच्या आत स्टीलचा सांगाडा असतो. फायबरग्लासच्या कवचातून त्याला पाणी लागत राहिलं की तो आतल्या आत गंजतो, आणि बाहेरून रंग मात्र झकास दिसतो. चाकापासून सुकाणूपर्यंत जाणारी तार तुटते. रात्री एखादा तरंगता ओंडका आदळतो. हायड्रॉलिक यंत्रणेतलं तेल गळून जातं. म्हणून खोल समुद्रातल्या शर्यतींसाठी वर्ल्ड सेलिंग या जागतिक संस्थेने जे विशेष नियम केलेत, त्यात याबद्दल स्वतंत्र कलम आहे. सुकाणू गमावल्यावर बोट वळवायच्या पर्यायी पद्धती बोटीवरच्या लोकांना माहीत असायला हव्यात, आणि त्यातली किमान एक पद्धत त्या बोटीवर प्रत्यक्ष चालते हे आधी सिद्ध झालेलं असायला हवं. तपासनीस म्हणाला तर ती करून दाखवावी लागते.

या कलमातली 'त्या बोटीवर' ही अट मला सर्वांत महत्त्वाची वाटते. सुकाणूविना बोट चालवण्याची युक्ती एका बोटीवरून उचलून दुसरीवर जशीच्या तशी बसत नाही. दोन बोटींच्या तळाचा आकार वेगळा, कीलची, म्हणजे तळाखालच्या जड पात्याची, जागा वेगळी, पुढच्या आणि मागच्या शिडाचं प्रमाण वेगळं. पुस्तकात वाचून तत्त्व कळतं, पण आपल्या बोटीचं उत्तर काय हे पाण्यावर जाऊनच सापडतं. आणि ते शोधायची वेळ म्हणजे निवांत दुपार, तीन मीटरच्या लाटा नव्हेत.

सुकाणूविना बोट वळते कशी

आधी एक गोष्ट मनातून काढून टाकू. सुकाणू नसलं की शिडाची बोट वळवता येत नाही, हे खरं नाही. विंडसर्फिंगच्या बोर्डाला सुकाणू नसतंच. खाली पाण्यात एक स्थिर पाती असते तेवढीच. त्यावर उभा राहणारा माणूस शीड पुढे झुकवतो तेव्हा बोर्डाची नाळ वाऱ्यापासून दूर जाते, मागे झुकवतो तेव्हा वाऱ्याकडे येते. एवढ्यावर लोक शर्यती लढवतात, आणि 1984 पासून हा खेळ ऑलिंपिकमध्ये आहे.

याहून जुनं उदाहरण दक्षिण अमेरिकेच्या पश्चिम किनाऱ्यावरचं आहे. आजच्या इक्वाडोर आणि पेरूच्या भागात स्पॅनिश लोक पोचण्याआधीपासून बाल्सा लाकडाचे मोठे शिडाचे तराफे समुद्रात फिरत. ओंडक्यांच्या फटींतून लांब फळ्या पाण्यात उभ्या सोडलेल्या असत, त्यांना ग्वारा म्हणतात. पुढची फळी खाली ढकलली की तराफा वाऱ्याकडे वळे, मागची ढकलली की वाऱ्यापासून दूर. 1947 मध्ये थॉर हेयरडाल आणि त्याचे पाच साथीदार कॉन-टिकी नावाचा असाच तराफा घेऊन पेरूहून निघाले आणि 101 दिवसांनी पॉलिनेशियातल्या रारोइया बेटाच्या खडकांवर जाऊन थडकले. त्यांच्याकडेही या फळ्या होत्या, पण त्या वापरायची कला हरवलेली होती. मागचं जड वल्हं धरून ते झुंजत राहिले. ग्वारांचं तंत्र हेयरडालला नंतर, 1953 मध्ये इक्वाडोरच्या किनाऱ्यावर चाचण्या घेतल्यावर हाती लागलं. कला पुन्हा शिकायला समुद्रातच उतरावं लागलं, हे मला फार बोलकं वाटतं.

यामागचं तत्त्व एका वाक्यात सांगायचं तर, जमिनीला समांतर फिरणारा सी-सॉ डोळ्यांसमोर आणा. मधला खुंटा म्हणजे बोटीची पाण्याखालची स्थिर पाती, लहान बोटीत सेंटरबोर्ड आणि मोठ्या बोटीत कील. बोट याच्याभोवती फिरते. खुंट्याच्या पुढे जिब हे लहान शीड आहे. वारा त्यावर लोटतो तेव्हा नाळ वाऱ्यापासून दूर ढकलली जाते. खुंट्याच्या मागे मेनसेल हे मोठं शीड आहे. वारा त्यावर लोटतो तेव्हा बोटीची मागची बाजू वाऱ्यापासून दूर जाते, म्हणजेच नाळ वाऱ्याकडे येते. दोन्ही शिडांचे जोर सारखे असले की बोट सरळ जाते. आता शिडाचा दोर, ज्याला सेलर मंडळी शीट म्हणतात, तो ओढून किंवा सोडून हा तोल बिघडवता येतो. मेनसेलची शीट ओढा, जिबची सोडा: बोट वाऱ्याकडे. जिबची ओढा, मेनसेलची सोडा: बोट वाऱ्यापासून दूर.

दुसरं साधन म्हणजे बोटीचं कलणं, आणि लहान बोटीत हे शिडांपेक्षाही जास्त प्रभावी ठरतं. बोट सपाट असते तेव्हा पाण्यातला तिचा आकार दोन्ही बाजूंनी सारखा असतो. ती वाऱ्याच्या पलीकडच्या बाजूला कलली की त्या बाजूचा फुगीर भाग पाण्यात जातो आणि पाणी तिला उलट्या दिशेने, म्हणजे वाऱ्याकडे, वळवतं. शिवाय डोलकाठी कलल्यामुळे शिडाचा पुढे ओढणारा जोर बोटीच्या मध्यरेषेबाहेर लटकतो आणि तोही नाळ वाऱ्याकडेच फिरवतो. उलट, आपण वाऱ्याच्या बाजूला बाहेर झुकून बोट आपल्या अंगावर कलवली, तर ती वाऱ्यापासून दूर वळते. ऑप्टिमिस्टसारख्या मुलांच्या एकशिडी बोटीत जिब नसतंच. तिथे अंगाचा भार आणि एक शीट एवढ्यावर सगळा कारभार चालतो, आणि दहा-बारा वर्षांची मुलं तो सहज चालवतात. मोठ्यांना वेळ लागतो, कारण त्यांचा हात सारखा टिलरकडे, म्हणजे सुकाणू फिरवायच्या दांड्याकडे, जातो.

तिसरं साधन सेंटरबोर्ड. खिटीवर फिरणारं सेंटरबोर्ड थोडं वर घेतलं की ते मागच्या बाजूला सरकतं, त्याबरोबर आपला खुंटाही मागे सरकतो, आणि बोटीची वाऱ्याकडे जायची ओढ कमी होते. बसायची जागाही हिशेबात धरायची. पुढे सरकलात की नाळ खोल बुडते आणि बोट वाऱ्याकडे यायला बघते. मागे सरकलात की उलट.

एक दुपार, एक एंटरप्राइझ

भारतात क्लबांमध्ये आणि सैन्यदलांच्या केंद्रांवर एंटरप्राइझ जातीच्या बोटी बऱ्याच दिसतात. चार मीटर लांब, दोन माणसांची, मेनसेल आणि जिब असलेली ही बोट या सरावासाठी उत्तम आहे. मुंबई बंदरात शिडाचा हंगाम साधारण ऑक्टोबर ते मे. दुपारी वायव्येचा वारा भरतो, तो चढायच्या आधीची वेळ निवडायची. सहा ते दहा नॉट वारा पुरे. कमी असेल तर बोट काहीच सांगत नाही, जास्त असेल तर ती ऐकून घेत नाही. भरती-ओहोटीचं वेळापत्रक पाहून पाणी थांबल्याची वेळ साधायची, कारण ओहोटीच्या ओढीत बोट वळली ती आपल्यामुळे की पाण्यामुळे हेच कळत नाही. गेटवेहून मांडव्याला आणि घारापुरीला जाणाऱ्या लाँचच्या वाटेपासून चांगलं दूर राहायचं. अंगात लाइफजॅकेट, जवळ सेफ्टी बोट, आणि त्या बोटीवरच्या माणसाला आपण काय करणार आहोत याची आधी पूर्ण कल्पना. नाहीतर बोट गोल फिरताना बघून तो बिचारा मदतीला धावत येतो.

पहिल्या फेरीत सुकाणू काढायचं नाही. टिलर दोन्ही बाजूंनी रबरी शॉककॉर्डने सैलसर बांधून मध्यात ठेवायचा. पातं पाण्यात सरळ राहिल्याने बोट थोडी शहाण्यासारखी वागते, आणि गडबड झाली तर हात टाकून टिलर पकडता येतो. हे जमलं की दुसऱ्या फेरीत पातं पाण्याबाहेर उचलायचं. फरक लगेच जाणवतो. मागचं पातं सरळ चालायलाही मदत करत होतं हे तेव्हा कळतं, कारण आता नाळ प्रत्येक झुळकीला मान वळवते.

सुरुवात बोट थांबवून करायची. वारा थेट बाजूने येईल अशी बोट ठेवायची, दोन्ही शिडं सैल सोडून फडफडू द्यायची, सेंटरबोर्ड एक तृतीयांश वर. मग जिब हळूच ओढायला घ्यायचं आणि मागोमाग मेनसेल. इथे जवळजवळ प्रत्येकाकडून मेनसेल घाईने आणि जास्त ओढलं जातं. बोट झटक्यात वाऱ्याकडे तोंड करून थांबते, शिडं डोक्यावर फडफडतात. काही बिघडत नाही. जिब वाऱ्याच्या बाजूला उलटं धरायचं, वारा त्याच्या पाठीत भरतो, नाळ बाजूला जाते, पुन्हा सुरुवात. मेनसेल पूर्ण ताणायचंच नाही, दोन-चार बोटं सैल ठेवायचं, हे अंगवळणी पडायला वेळ लागतो.

आता दोघांनी कामं वाटून घ्यायची. जिब पुढच्याकडे, मेनसेल मागच्याकडे, आणि अंगाचा भार दोघांचा मिळून. बोलत राहायचं. 'वर येतेय', 'सोड थोडं', 'आत ये' एवढे शब्द पुरतात. सगळ्यात आधी नुसतं सरळ जायचा प्रयत्न करायचा, दूरची एखादी खूण धरून. सरळ जाणं हेच सर्वांत अवघड निघतं. बोट वळायला लागल्यावर सुधारणा केली तर उशीर झालेला असतो, कारण वळणाला स्वतःचा वेग असतो आणि तो थांबवायला धरून ठेवणारं पातं आता नाही. म्हणून नाळ हलायला लागते न लागते तोच उलट उपाय सुरू करायचा, आणि लहान करायचा. अंग दहा सेंटिमीटर आत घेतलं तरी बोट उत्तर देते. उठून दुसऱ्या बाजूला गेलात तर ती भोवरा होते.

मग टॅक, म्हणजे नाळ वाऱ्यातून पलीकडे नेणं. वेग हवा. वाऱ्याच्या जरा जवळ जाऊन वेग घ्यायचा, मग एकदम जिब सोडायचं, मेनसेल ओढायचं, दोघांनी आत यायचं म्हणजे बोट वाऱ्याच्या पलीकडे कलेल. नाळ वर येऊ लागते. ती वाऱ्याच्या रेषेपाशी पोचली की पुढच्या माणसाने जिब जुन्या बाजूलाच ताणून धरायचं. वारा ते पाठीमागून ढकलतो आणि नाळ पलीकडे जाते. इथे मेनसेल लगेच सैल करायला हवं. ते विसरलात तर बोट पलीकडे जाऊन पुन्हा वर वळते आणि वाऱ्याच्या तोंडावर अडकते. अडकलीच तर बूम, म्हणजे मेनसेलच्या खालचा आडवा दांडा, एका बाजूला हाताने बाहेर ढकलून धरायचा. बोट मागे सरकायला लागते, तिची मागची बाजू वळते, आणि ती सुटते.

जाइब, म्हणजे बोटीची मागची बाजू वाऱ्यातून नेणं, वळवायला टॅकपेक्षा सोपं पण जपून करायचं. मेनसेल पूर्ण सोडायचं, जिब ओढलेलं, दोघांनी वाऱ्याच्या बाजूला बाहेर जाऊन बोट अंगावर कलवायची. नाळ खाली खाली जात राहते आणि एका क्षणी बूम धाडकन पलीकडे येतो. डोकी खाली. आणि पलीकडे गेल्या गेल्या बोट सपाट करायची, नाहीतर ती नव्या बाजूला कलून थेट वाऱ्याकडे उसळते आणि बहुतेक वेळा दोघं पाण्यात. म्हणून पहिल्या दिवशी जाइब शेवटी ठेवावा.

हे सगळं करून झाल्यावर सुकाणू परत लावायचं आणि लगेच एक फेरी मारायची. ही फेरी चुकवू नये. कारण आता लक्षात येतं की एरवी आपण टिलर केवढा ओढून धरत होतो. बोट जास्त कललेली, मेनसेल जास्त ताणलेलं, ती वाऱ्याकडे जायला बघतेय आणि आपण सुकाणूने तिला जबरदस्तीने सरळ ठेवतोय. तिरकं धरलेलं पातं पाण्यात ब्रेकसारखं काम करतं. शिडं आणि कल नीट असले की टिलरवर दोन बोटांचा भार पुरतो आणि बोट जास्त वेगाने पळते. शर्यतीची तयारी करणाऱ्या मुलांकडून प्रशिक्षक हा सराव करून घेतात तो मुख्यतः यासाठीच. मला विचाराल तर आणीबाणीच्या तयारीसाठी म्हणून कोणी कंटाळा करत असेल, तर त्याने वेगासाठी म्हणून तरी तो करावा.

मोठ्या बोटीवर हिशेब बदलतो

दहा-बारा मीटरच्या कील असलेल्या बोटीवर माणसाच्या वजनाने कल फारसा बदलत नाही. शिडांचा तोल उपयोगी पडतो, पण समुद्र खवळलेला असताना एकट्या शिडांवर मार्ग धरणं बऱ्याच आधुनिक बोटींना जमत नाही. त्यांचे तळ सपाट, कील अरुंद आणि सुकाणू मोठं. ते गेलं की त्या फिरत राहतात. लांब कीलच्या जुन्या बोटी या बाबतीत समजूतदार असतात.

शिवाय इथे आधी वळवायचा विचार करायचाच नाही. आधी खाली जाऊन पाणी येतंय का ते बघायचं. सुकाणूचा दांडा बोटीच्या तळातून आत येतो, आणि पातं हिसकलं गेलं की त्या भोकापाशी तडा जाऊ शकतो. ओर्कांमुळे बुडालेल्या बोटी बुडाल्या त्या आत शिरलेल्या पाण्याने. पाणी नसेल तर शिडं सैल सोडून बोट थांबवायची, उथळ असेल तर नांगर टाकायचा, आणि व्हीएचएफ रेडिओच्या चॅनल 16 वर कळवायचं. बोट बुडत नसेल आणि जिवाला तातडीचा धोका नसेल तर 'मेडे' नव्हे, 'पॅन-पॅन' असा संदेश द्यायचा. मदत लगेच लागणार नसली तरी आपण कुठे आणि कोणत्या स्थितीत आहोत हे कुणाला तरी ठाऊक हवं. भारतीय किनाऱ्याजवळ फोनला रेंज असेल तर तटरक्षक दलाचा क्रमांक 1554.

मग बिघाड नेमका कुठे आहे ते शोधायचं. चाकाची तार किंवा साखळी तुटली असेल आणि पातं शाबूत असेल, तर इमर्जन्सी टिलर कामी येतो. तो बोटीबरोबर आलेला असतो आणि बहुधा कुठल्या तरी पेटीच्या तळाशी असतो. तो बसवून बघितल्याशिवाय त्याच्यावर विश्वास ठेवू नये. डेकवरचं झाकण मिठाने इतकं आवळलेलं असतं की चावीने सुटत नाही. ते सुटलं तर दांड्याच्या चौकोनी टोकावर टिलर बसतो, पण चाकाच्या खांबाला आपटून पुरता फिरत नाही. काही बोटींत तो मागच्या केबिनच्या बिछान्यातून बसवावा लागतो, आणि धरणाऱ्याला ना शीड दिसतं ना होकायंत्र. वरच्याने ओरडून सांगायचं, खालच्याने ढकलायचं. हे बंदरात, जेट्टीला बांधलेल्या बोटीवर अर्ध्या तासात कळतं. त्या अर्ध्या तासाला पर्याय नाही. लागणारे दोर, कप्प्या आणि चावी एका पिशवीत घालून टिलरलाच बांधून ठेवा.

पातंच गेलं असेल तर काय? जुन्या पुस्तकांतला लोकप्रिय उपाय म्हणजे स्पिनेकर या मोठ्या फुगीर शिडाच्या लांब दांड्याला कपाटाचं दार किंवा तळाची फळी बांधून मोठं वल्हं करायचं. चित्रात छान दिसतं. कोकणातल्या लहान होडीवर मागचं वल्हं सुकाणूचं काम चोख करतं, हेही खरं. पण काही टन वजनाच्या बोटीवर लाटेत त्या फळीवर इतका जोर येतो की बांधलेले दोर सुटतात, दांडा वाकतो, आणि धरणारी माणसं तासाभरात गळून जातात. करायचंच असेल तर फळीला भोकं आधीच पाडून, बोल्ट आधीच जमवून, एकदा जोडून बघून ठेवायला हवं.

याहून खूप खात्रीचा उपाय म्हणजे ड्रोग. हा कापडाचा किंवा पट्ट्यांचा विणलेला, दोन्ही बाजूंनी उघडा शंकू असतो आणि तो बोटीमागे पाण्यात ओढत न्यायचा. एरवी वादळात वेग आवरायला वापरतात. सुकाणू म्हणून वापरायचा तर त्याला दोन दोर लावायचे, एक डावीकडून आणि एक उजवीकडून. डावा दोर आवळला की ड्रोग डाव्या बाजूला ओढला जातो, त्या बाजूला अडसर वाढतो आणि बोट डावीकडे वळते. त्यासाठी लागतात फक्त दोन विंच, म्हणजे दोर ओढायचे चरखे, आणि दोन हात.

यातली मेख दोरांच्या मार्गात आहे. दोर बोटीच्या अगदी मागच्या कोपऱ्यांतून सोडले तर फारसा उपयोग होत नाही, कारण मग ड्रोग मागची बाजू धरून ठेवतो आणि बोटीला वळू देत नाही. दोर पुढे आणून बोटीच्या सर्वांत रुंद भागाजवळ, साधारण कीलच्या रेषेत, मजबूत कप्पीतून बाहेर सोडायचे आणि तिथून मागे विंचवर आणायचे. मग ओढ फिरण्याच्या खुंट्याजवळ येते आणि बोट ऐकते. ही कप्पी तुमच्या बोटीवर नेमकी कुठे लावायची, दोर रेलिंगला घासतो का, ड्रोग किती लांब सोडायचा म्हणजे तो लाटेबाहेर उडी मारत नाही, हे दुसरा कोणी सांगू शकत नाही. टिलर मध्यात घट्ट बांधून एका दुपारी करून बघायचं आणि जागांवर टेपने खुणा करून ठेवायच्या. मेनसेल लहान किंवा पूर्ण उतरवलेलं आणि पुढे छोटं शीड, अशी जोडी बहुतेक बोटींना मानवते, कारण मागून वाऱ्याकडे वळवणारा जोर जितका कमी तितकं ड्रोगचं काम हलकं. वेग कमी होतो, ते मान्य करायचं. ड्रोग नसेल तर बादल्या, टायर, साखळीचा तुकडा बांधलेला जाड दोर यांवरही काम भागतं, पण बादलीची कडी आधी तुटते.

पातं जाण्याहून वाईट म्हणजे ते एका बाजूला वळून अडकणं. तेव्हा बोट गोल गोल फिरते आणि शिडं, ड्रोग दोन्ही कमी पडतात. बिस्मार्क या जर्मन युद्धनौकेचं हेच झालं. 26 मे 1941 च्या संध्याकाळी एका टॉर्पेडोने तिची सुकाणू डावीकडे वळलेल्या स्थितीत जाम केली आणि दुसऱ्या दिवशी ब्रिटिश जहाजांनी तिला गाठलं. आदल्या वर्षी बाल्टिक समुद्रातल्या चाचण्यांत दिसून आलं होतं की सुकाणू मध्यात ठेवून केवळ इंजिनचे पंखे (प्रोपेलर) उलटसुलट फिरवले तर ती जेमतेम वळते. शिडाच्या बोटीवर निदान पातं मध्यात आणून बांधता येईल किंवा गरज पडल्यास खाली टाकून देता येईल का, एवढं दांड्याची रचना बघून आधी ठरवता येतं.

आपल्याकडची उदाहरणं

गोव्यात दिवाडी बेटावरच्या अक्वेरियस शिपयार्डमध्ये बांधलेली तारिणी ही नौदलाची शिडाची बोट घेऊन लेफ्टनंट कमांडर वर्तिका जोशी आणि नौदलाच्या आणखी पाच महिला अधिकारी 10 सप्टेंबर 2017 रोजी पृथ्वीप्रदक्षिणेला निघाल्या आणि 21 मे 2018 रोजी गोव्यात परतल्या. केप टाउन सोडून घरी येताना, म्हणजे सर्वांत कठीण टापू पार झाल्यावर, सुकाणूच्या यंत्रणेत बिघाड झाला आणि त्यांना मॉरिशसच्या पोर्ट लुईला अनपेक्षित थांबा घ्यावा लागला. दुरुस्ती करून त्या पुढे आल्या. त्यांच्या यशाची चर्चा होते तेव्हा या थांब्याचा उल्लेख ओझरता येतो. मला तो फार मोलाचा वाटतो.

अभिलाष टॉमी यांनी 2022-23 च्या गोल्डन ग्लोब या एकट्याने पृथ्वीप्रदक्षिणा करायच्या शर्यतीत दुसरा क्रमांक पटकावला. या शर्यतीत 1968 च्या काळातलीच साधनं चालतात, त्यामुळे बोट आपोआप मार्गावर ठेवायला इलेक्ट्रॉनिक यंत्र नाही, वाऱ्यावर चालणारी यांत्रिक पाती. ती पुन्हा पुन्हा निकामी होत गेली, आणि त्यांनी स्वच्छतागृहाचं दार कापून तिचे भाग बनवले. 2018 च्या शर्यतीत याच माणसाची बोट दक्षिण हिंदी महासागरात उलटली होती, डोलकाठी गेली होती आणि पाठीच्या कण्याला जबर दुखापत झाली होती. फ्रान्सच्या ओसिरिस या जहाजाने त्यांना सोडवलं. तरी चार वर्षांनी ते पुन्हा त्याच समुद्रात गेले. आपल्या बोटीवरची कुठली वस्तू कशाच्या कामी येऊ शकते, याची यादी असा माणूस निघायच्या आधीच मनात करून ठेवतो.

बाकीचे सराव याच धर्तीवर करता येतात. पाण्यात पडलेल्या माणसाऐवजी एक तरंगता फेंडर, म्हणजे बोटीच्या कडेला लटकवायचा फुगा, टाकून इंजिनविना त्याच्यापाशी परत येणं. इंजिन बंद ठेवून नांगरावरून निघणं आणि नांगरावर येणं. डोलकाठीचे तारदोर कापायचं अवजार हाताशी आहे का आणि त्याने तार खरंच तुटते का, हे जुन्या तारेच्या तुकड्यावर बघणं.

सुकाणू गेलेल्या बोटीबाबत शेवटचा अवघड भाग उरतो तो बंदराच्या तोंडाशी, आणि त्याचा सराव फार कमी लोक करतात. दुसऱ्या बोटीने दोर लावून ओढायला सुरुवात केली की सगळे सुटकेचा श्वास टाकतात आणि ड्रोग वर ओढून घेतात. तसं करू नये. सुकाणू नसलेली बोट दोराच्या टोकाला सरळ येत नाही, ती एका बाजूला पळते, दोर ताणला की झटका खाऊन दुसऱ्या बाजूला पळते, आणि प्रत्येक झटक्याला दोर बांधायचं क्लीट उखडायची भीती असते. ड्रोग मागे तसाच राहू द्यावा, तो तिला रेषेत ठेवतो. ओढणारा दोर लांब ठेवावा, वेग कमी. आत आल्यावर, अरुंद जागेत, मदतीची बोट शेजारी आणून घट्ट बांधावी, आणि तिची मागची बाजू आपल्या मागच्या बाजूच्याही पलीकडे जाईल अशी. म्हणजे तिचा पंखा आणि तिचं सुकाणू दोन्ही बोटींना वळवतं. मग ड्रोग आत घ्यावा, कारण जेट्टीजवळ त्याचे दोर तिच्याच पंख्यात अडकायचे.